असिंक बॅकग्राउंड वर्कर लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचं काम पाहतो. रोजच्या भरण्याच्या पावत्या, एक तारखेचे खातेउतारे, हप्ता चुकला की एसएमएस, ही सगळी कामं मागच्या बाजूला चालणारे वर्कर करतात. वर्कर पायथनच्या असिंकआयओवर (एक काम थांबलं की दुसरं पुढे नेणारी लायब्ररी) लिहिलेले आहेत आणि कामांची रांग पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. टीममध्ये नवा माणूस आला की साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून एकत्र लिहून ठेवतो आहे. जावास्क्रिप्टच्या नोडवर किंवा आणखी कशावर काम करत असाल तरी बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

वर्करचा कोड वाचताना मी प्रत्येक ओळीपाशी थांबून एकच गोष्ट विचारतो: अगदी या क्षणी वीज गेली, तर या जॉबचं काय होईल? खालची बहुतेक उत्तरं त्यातूनच आली आहेत.

## बॅकग्राउंड जॉब कशाला म्हणायचं?

पिठाच्या गिरणीवर आपण डबा ठेवतो, झाकणात चिठ्ठी अडकवतो (नाव, गहू की ज्वारी, बारीक की जाड) आणि घरी जातो. दळण होईपर्यंत तिथे उभं राहत नाही. वेब रिक्वेस्टचंही तसंच आहे. समोरच्याला उत्तर लगेच हवं असतं, पण काम लगेच व्हायची गरज नसते. रिक्वेस्टने चिठ्ठी (म्हणजेच जॉब) लिहून रांगेत ठेवायची, "घेतलं" असं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. रांगेतला पुढचा डबा उचलतो तो वर्कर.

दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असलेलं किंवा अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ खाणारं कोणतंही काम मी रांगेत टाकतो.

## सगळा प्रोग्रॅम असिंकच आहे. मग वेगळा वर्कर कशाला?

कारण असिंक फक्त वाट पाहण्याचा वेळ वाचवतं, काम करण्याचा नाही.

दहा हजार कनेक्शन एकाच सर्व्हरवर कशी सांभाळायची, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये 'सी-टेन-के' या नावाने मांडला. बहुतेक कनेक्शन बहुतेक वेळ नुसती वाट पाहत असतात, म्हणून एका लूपने सगळ्यांवर नजर ठेवायची आणि ज्याच्याकडे काही आलं त्याचं तेवढं काम उरकायचं, हे त्याचं एक उत्तर. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि नोड याच पायावर उभे आहेत. पायथनमध्ये असिंकआयओ ३.४ बरोबर आलं (२०१४), आणि असिंक-अवेट ही लिहिण्याची पद्धत ३.५ बरोबर (२०१५).

लूपच्या हातात थ्रेड (सूचना एकामागून एक चालवणारा धागा) एकच असतो. एखादं कोरूटीन (मध्ये थांबून पुन्हा पुढे चालू शकणारं फंक्शन) अवेटपाशी थांबलं की लूप दुसऱ्याकडे वळतो. ते थांबलंच नाही तर बाकीचे सगळे खोळंबतात. इथे कोणी कोणाला बाजूला ढकलत नाही, जो तो आपणहून जागा सोडेल या भरवशावर कारभार चालतो. आणि अवेट लिहिलं म्हणजे जागा सुटलीच असंही नाही. ज्या कोरूटीनमध्ये खरं थांबणं कुठेच नाही, त्याला कितीही वेळा अवेट करा, लूपला श्वास घ्यायला मिळत नाही.

आमच्याकडे खातेउताऱ्याची पीडीएफ वेब सर्व्हरच्याच लूपवर तयार व्हायची. मराठी पीडीएफ जरा जास्तच जड पडते, कारण देवनागरीत नुसती अक्षरं ओळीने मांडून भागत नाही. जोडाक्षरं, रफार, आधी लिहायची वेलांटी या सगळ्यांची जुळणी फॉन्टच्या नियमांप्रमाणे करून मगच पान छापता येतं. एका सभासदाचा वर्षाचा उतारा निघत असताना काउंटरवरच्या तिघांचे स्क्रीन गोठलेले असायचे. त्यांना वाटायचं नेट गेलं.

## रिक्वेस्टमध्येच क्रिएट-टास्क करून सोडून दिलं तर चालणार नाही का?

हा मोह सगळ्यांना होतो: क्रिएट-टास्कने कोरूटीन लूपवर सोडायचं आणि निकालाची वाट न बघता पुढे जायचं. एका ओळीत काम होतं, रांगही लागत नाही. पण यात तीन खड्डे आहेत.

पहिला: लूप टास्कला घट्ट धरून ठेवत नाही. त्याच्याकडे टास्कचा 'वीक रेफरन्स' असतो, म्हणजे टास्क जिवंत न ठेवणारी नुसती खूण. तुम्ही टास्क कुठल्याच व्हेरिएबलमध्ये ठेवला नाहीत, तर पायथनचा गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी झाडणारा भाग) तो अर्धवट असतानाच उचलून नेऊ शकतो. अधिकृत दस्तऐवजात तशी सूचना आहे, तरी ती नजरेतून सुटते. उपाय सोपा आहे: टास्क एका सेटमध्ये ठेवा आणि पूर्ण झाल्यावर कॉलबॅकमधून काढून टाका. किंवा ३.११ पासून (२०२२) आलेला टास्क-ग्रुप वापरा.

दुसरा: आत एक्सेप्शन (चूक) आलं तर कोणाला कळत नाही. त्या टास्कचा निकाल कोणी मागितलाच नाही, तर टास्क मेमरीतून जाताना लॉगमध्ये एक ओळ पडते, तेवढीच.

तिसरा सगळ्यात मोठा: प्रोसेस बंद झाली की काम गेलं, मागे चिठ्ठीसुद्धा उरत नाही. कॅश गरम करणं (लागणारी माहिती आधीच मेमरीत आणून ठेवणं), आकडेवारीची एखादी नोंद, असलं हरवलं तरी चालेल ते काम असं सोडायला हरकत नाही. पैशाशी किंवा माणसाला दिलेल्या शब्दाशी संबंध असेल तर नाही.

## रांग कुठे ठेवू?

मेमरीतली असिंकआयओ क्यू प्रोसेसबरोबर जाते. एकाच प्रोसेसमधल्या दोन भागांत काम वाटून घ्यायला ती उत्तम, त्यापुढे नाही.

रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारा सर्व्हर) वेगवान आहे आणि बहुतेकांकडे आधीच असतो. पण सगळ्यात साधी पद्धत, म्हणजे बीएलपॉप या कमांडने यादीतून जॉब काढून घेणं, तिथेच घोडं पेंड खातं. काढला त्या क्षणी जॉब रेडिसमधून गेला. पुढच्या क्षणी वर्कर मेला तर त्याची नोंद कुठेच नाही. त्यापेक्षा बीएलमूव्ह वापरा (६.२ पासून, २०२१). ती जॉब मुख्य यादीतून काढून 'चालू कामं' अशा दुसऱ्या यादीत एकाच पावलात टाकते. किंवा ५.० मध्ये (२०१८) आलेले स्ट्रीम्स घ्या. त्यात पोच देण्याची (काम झालं असं रांगेला कळवण्याची) सोयच आहे, आणि पोच मिळेपर्यंत जॉब त्या वर्करच्या नावावर उभा राहतो.

रॅबिट-एमक्यू या रांगांसाठीच्याच सर्व्हरमध्ये हे सगळं पहिल्यापासून नीट आहे. मात्र आणखी एक सर्व्हर सांभाळायची तयारी हवी.

माझं मत: डेटाबेस पोस्टग्रेस असेल आणि सेकंदाला हजारो जॉब येत नसतील, तर रांगही तिथेच एका टेबलात ठेवा. पोस्टग्रेस ९.५ पासून (जानेवारी २०१६) सिलेक्ट फॉर अपडेटला (टेबलातली ओळ, म्हणजे रो, वाचतानाच लॉक करणारी क्वेरी) 'स्किप लॉक्ड' जोडता येतं. दहा वर्कर एकदम आले तरी दुसऱ्याने धरलेली रो प्रत्येक जण ओलांडून पुढची घेतो, कोणी कोणासाठी थांबत नाही.

पण खरं कारण वेगाचं नाही. हप्ता जमा झाल्याची नोंद आणि 'पावतीचा एसएमएस पाठव' हा जॉब एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट (कायमचे पक्के) होतात. होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. रांग बाहेर असली की मध्ये फट राहते: डेटाबेस कमिट झाला आणि रांगेकडे जाता जाता प्रोसेस मेली. क्रम उलटा लावला तर वर्कर कमिटच्या आधीच जॉब उचलतो आणि त्याला हप्त्याची रो सापडतच नाही. ही दुसरी चूक मी केली आहे. लॉग म्हणतो रो नाही, टेबल उघडलं तर रो समोर, यात माझा अर्धा दिवस गेला.

नवीन जॉब आल्याची हाक द्यायला पोस्टग्रेसचं लिसन-नोटिफाय वापरता येतं. पण हाकेत जॉब भरू नका, मजकुराला ८,००० बाइटच्या आतली मर्यादा आहे. शिवाय कनेक्शन तुटलेलं असताना दिलेली हाक नंतर ऐकू येत नाही. म्हणून हाकेवर जागं व्हायचं, आणि हाक आली नाही तरी दर काही सेकंदांनी टेबल बघायचंच. मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा मध्यस्थ) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर लिसन चालत नाही, त्यासाठी थेट कनेक्शन ठेवा.

## जॉब नेमका केव्हा 'झाला' म्हणायचा?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

वर्कर तीन गोष्टी करतो: जॉब उचलतो, काम करतो, पोच देतो. पोच कामाच्या आधी दिली तर मध्येच मेलेल्या वर्करचा जॉब कायमचा हरवतो, म्हणजे काम जास्तीत जास्त एकदा होतं. पोच नंतर दिली तर काम झालं आणि पोच द्यायच्या आत वर्कर मेला, की तोच जॉब पुन्हा उचलला जातो, म्हणजे काम निदान एकदा होतं. 'अगदी एकदाच' हवं असं सगळ्यांना वाटतं. पण काम तुमच्या डेटाबेसच्या बाहेर होत असेल, एसएमएस जात असेल किंवा दुसऱ्या बँकेला निरोप जात असेल, तर रांगेच्या कुठल्याही करामतीने ते मिळत नाही. बाहेरचं काम आणि आतली नोंद यांच्यामध्ये एक क्षण असतोच, आणि त्या क्षणी वीज जाऊ शकते.

आमच्या पहिल्या वर्करमध्ये मी शंभर एसएमएस पाठवून झाल्यावर शंभर पोच एकदम द्यायचो. डेटाबेसच्या फेऱ्या वाचाव्यात एवढाच हेतू होता. एका एक तारखेला तुकडी अर्ध्यावर असताना आम्ही डिप्लॉय केलं, म्हणजे नवा कोड चढवला. वर्कर बंद झाला, नवा उठला, आणि पोच न मिळालेली पूर्ण तुकडी त्याने पुन्हा पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक वयस्कर सभासद शाखेत आले. फोनवर 'हप्ता थकला आहे' असे एकाखाली एक दोन मेसेज, हातात पासबुक. दोन हप्ते थकले असं समजून ते दोन हप्त्यांचे पैसे घेऊन आले होते. काउंटरवरच्या ताईंनी त्यांना बसवून, पासबुक उघडून समजावलं. त्या दिवसापासून मी पोच एकेकट्या जॉबची देतो.

## मग तेच काम दोनदा होऊ नये म्हणून काय करायचं?

काम असं लिहायचं की दोनदा केलं तरी परिणाम एकच राहील.

प्रत्येक जॉबला अर्थपूर्ण किल्ली द्या. सरसकट नवा क्रमांक नको. 'खाते क्रमांक, महिना, थकबाकी-सूचना' अशी किल्ली असेल आणि टेबलात तिच्यावर युनिक बंधन असेल, तर तोच जॉब रांगेत दोनदा पडतच नाही. आतल्या नोंदींसाठी परिणाम आणि पोच एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, विषय संपला.

बाहेरच्या सेवेसाठी, ती सेवा किल्ली स्वीकारत असेल तर तीच किल्ली प्रत्येक प्रयत्नात पाठवा. दुसऱ्यांदा आली की ती सेवाच ओळखते. पेमेंटच्या बऱ्याच सेवांमध्ये ही सोय असते, एसएमएसच्या सगळ्यांकडे नसते. नसेल तर पाठवण्याआधी 'पाठवतोय' अशी नोंद कमिट करायची. वर्कर मेला आणि पुढच्याला ती नोंद दिसली की त्याला कळतं, हा मेसेज गेलाही असेल किंवा नसेलही. इथे निर्णय प्रोग्रॅमरने एकट्याने घेऊ नये. संस्थेला विचारा: चुकून दोनदा गेलेलं परवडेल की न गेलेलं? आमच्याकडे ओटीपी पुन्हा पाठवतात, थकबाकीची सूचना पुन्हा न पाठवता माणसाच्या यादीत टाकतात.

मराठी मेसेज दोनदा जाणं खिशालाही जास्त लागतं. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि मेसेज लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७. त्यातही 'क्ष' आपल्याला एक अक्षर दिसतं, पण मोजणीत क, हलन्त आणि ष असे तीन धरले जातात. दोन ओळींची साधी सूचना सहज तीन मेसेजच्या पैशांत जाते.

## वर्करचा गाभा कसा लिहायचा?

आधी जागा, मग जॉब. एका वेळी वीस जॉब चालवायचे असतील तर वीसचा सेमाफोर (एका वेळी तेवढ्यांनाच आत सोडणारा दरवान) ठेवा आणि जागा रिकामी झाल्याशिवाय रांगेकडे जाऊच नका. आधी शंभर उचलून मेमरीत ठेवले तर तेवढे जॉब दुसऱ्या मोकळ्या वर्करला मिळत नाहीत, आणि हा वर्कर मेला तर सगळे अडकतात.

उचलताना एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये तीन गोष्टी करायच्या: स्किप लॉक्डने रो निवडायची, तिच्यावर वर्करचं नाव आणि 'अमुक वेळेपर्यंत माझ्याकडे' अशी मुदत लिहायची, प्रयत्नांचा आकडा एकाने वाढवायचा. मग कमिट, आणि त्यानंतर काम. काम संपेपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडी ठेवण्याची पद्धतही आहे. ती दिसायला सोपी आहे, कारण वर्कर मेला की लॉक आपोआप सुटतो. पण जॉब दहा मिनिटं चालला तर तेवढा वेळ एक कनेक्शन अडकतं, आणि जुन्या रो झाडून काढणाऱ्या व्हॅक्यूमचंही गाडं अडतं. एक-दोन सेकंदांच्या जॉबला ठीक, एरवी मुदतच बरी.

मुदत उलटलेले जॉब इतर वर्करना मोकळे असतात. लांब चालणाऱ्या जॉबने अधूनमधून आपली मुदत वाढवत राहायचं. आणि पोच देताना 'जॉब अजून माझ्याच नावावर आहे ना' हे त्याच अपडेटच्या अटीत तपासायचं. नाहीतर उशिरा जागा झालेला जुना वर्कर नव्याच्या कामावर आपली पोच ठोकतो.

प्रयत्नांचा आकडा अपयश आल्यावर न वाढवता उचलतानाच का वाढवायचा, हे एका जॉबने शिकवलं. एका खात्याचा उतारा एवढा मोठा होता की मेमरी संपून लिनक्स वर्करच मारून टाकायचा. एक्सेप्शन येतच नव्हतं, मग अपयशाची नोंद करणार कोण? आकडा शून्यच राहायचा. वर्कर उठायचा, तोच जॉब उचलायचा, मरायचा. रात्रभर तेच चक्र चाललं.

## लूप अडकलाय हे कसं ओळखायचं?

डेव्हलपमेंटमध्ये असिंकआयओचा डीबग मोड चालू ठेवा. १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लूप धरून बसणाऱ्या कॉलबॅकची नोंद तो लॉगमध्ये करतो. प्रॉडक्शनमध्ये मी एक छोटं कोरूटीन ठेवतो. ते एक सेकंद झोपतं आणि उठल्यावर घड्याळ बघतं. १.०२ सेकंदांनी उठलं तर ठीक, ३ सेकंदांनी उठलं तर कोणीतरी दोन सेकंद लूप दाबून धरला होता. हा एक आकडा आलेखावर असला की तक्रार येण्याआधीच कळतं. कोणी दाबला ते बघायला चालू प्रोसेसवर पाय-स्पाय (कोणती ओळ चालू आहे ते दाखवणारं साधन) लावा.

नेहमीचे गुन्हेगार: टाइम-स्लीप, रिक्वेस्ट्स लायब्ररी, सिंक (उत्तर येईपर्यंत लूप अडवणारा) डेटाबेस ड्रायव्हर, पासवर्डचा बीक्रिप्ट हॅश, प्रचंड मोठा जेसन, आणि अर्थात पीडीएफ.

## जड काम थ्रेडमध्ये टाकू की वेगळ्या प्रोसेसमध्ये?

नुसतं थांबणारं पण असिंक नसलेलं काम (जुनी लायब्ररी, फाइल वाचणं) असेल तर थ्रेड. ३.९ पासून (२०२०) टू-थ्रेड नावाची सोपी सोय आहे. तिच्यामागचा थ्रेडपूल प्रोसेसरच्या संख्येत ४ मिळवून जास्तीत जास्त ३२ थ्रेडचा असतो, म्हणजे चार कोअरच्या मशिनवर आठच. नोडमध्ये लिबयूव्हीचा पूल ठरवून दिला नाही तर चारच थ्रेडचा असतो.

प्रोसेसर खाणारं शुद्ध पायथनचं काम असेल तर वेगळी प्रोसेस. जीआयएल या पायथनच्या सामाईक कुलपामुळे थ्रेड आळीपाळीनेच चालतात. जीआयएल नसलेलं पायथन ३.१३ मध्ये (२०२४) प्रायोगिक म्हणून आलं, पण तुमच्या सगळ्या लायब्ररी त्यावर चालतात हे तपासल्याशिवाय भिस्त ठेवू नका.

एक सावधगिरी: थ्रेडमध्ये टाकलेलं काम रद्द करता येत नाही. टाइमआउट झाला की तुमचं कोरूटीन पुढे जातं, पण तो थ्रेड मागे चालतच राहतो, आणि अशा आठ थ्रेडनी पूल भरला की सगळंच थांबतं. पीडीएफ मी याच कारणासाठी प्रोसेसमध्ये काढतो, तिला निदान मारता येतं.

## एका वेळी किती जॉब चालवू?

जॉन लिटल यांचा १९६१ मधला नियम इथे थेट लागतो: एका वेळी चालू असलेली कामं म्हणजे सेकंदाला येणारी कामं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. एसएमएसच्या एका कॉलला ०.४ सेकंद लागत असतील आणि सेकंदाला ५० पाठवायचे असतील, तर २० पुरतात. दोनशे ठेवून वेग वाढत नाही, पलीकडचा गेटवे (एसएमएस पाठवणारी सेवा) तेवढा नकार द्यायला लागतो.

डेटाबेसकडेही बघा. पोस्टग्रेसची कनेक्शनची मर्यादा बदलली नसेल तर १०० असते. पाच वर्कर, प्रत्येकाचा पूल वीसचा, की वेब सर्व्हरला काही उरलंच नाही.

## रीट्राय किती वेळा, किती अंतराने?

अंतर दर वेळी वाढवत न्या, त्याला वरची मर्यादा घाला, आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. तो मिसळला नाही तर गेटवे बंद पडल्यावर थांबलेले सगळे जॉब नेमके एकाच सेकंदाला परत येतात आणि नुकता उठलेला गेटवे पुन्हा बसतो. रूबीमधली जॉबची लायब्ररी साइडकिक, ती आपणहून २५ प्रयत्न करते, साधारण तीन आठवड्यांत पसरलेले. ओटीपीला तेवढं थांबून काय उपयोग? माझा ओटीपीचा जॉब दोन मिनिटांनी आपोआप रद्द होतो, उताऱ्याचा दोन दिवस प्रयत्न करतो.

मोबाइल नंबरच नऊ आकडी असेल तर रीट्राय करू नका. तात्पुरती चूक आणि कायमची चूक वेगळी ओळखा. प्रयत्न संपलेले जॉब पुसू नका. ते 'मेलेले' म्हणून वेगळे ठेवा, कारण लिहा, आणि रोज सकाळी कोणीतरी माणसाने ती यादी बघेल अशी व्यवस्था करा.

## टाइमआउट आणि रद्द करण्याबद्दल काय लक्षात ठेवू?

प्रत्येक बाहेरच्या कॉलला टाइमआउट हवाच, आणि तो जॉबच्या मुदतीपेक्षा लहान हवा. रद्द करताना असिंकआयओ कोरूटीनच्या आत कॅन्सल्ड-एरर फेकतं. ३.८ पासून (२०१९) ते सर्वसाधारण एक्सेप्शनच्या बाहेर काढलं आहे, त्यामुळे 'एक्सेप्ट एक्सेप्शन' त्याला गिळत नाही. पण नुसतं 'एक्सेप्ट' लिहिलंत तर गिळतं, आणि मग वर्कर कितीही सांगा, बंद होत नाही. पकडलंत तर आवराआवर करून पुन्हा वर फेका.

## डिप्लॉय करताना चालू जॉबचं काय?

बंद करताना आधी सिगटर्म ('आवरून बंद हो' असा इशारा) येतो, ठरलेल्या वेळात प्रोसेस गेली नाही तर सिगकिल (थेट मारणं). प्रोग्रॅम कंटेनरमध्ये बंदिस्त करून चालवणाऱ्या साधनांपैकी डॉकर स्टॉप १० सेकंद देतो, कुबरनेटीस ३० सेकंद. दोन्ही आकडे बदलता येतात.

सिगटर्म आल्यावर नवा जॉब उचलणं थांबवायचं, चालू आहेत ते पुरे होऊ द्यायचे, वेळ संपत आला की उरलेले रद्द करून त्यांची मुदत सोडून द्यायची म्हणजे दुसरा वर्कर लगेच घेईल. सगळ्यात शेवटी डेटाबेसचा पूल बंद करायचा. क्रम चुकला आणि पूल आधी बंद केला, तर झालेल्या कामाची पोच देता येत नाही.

हे सगळं लिहूनही वर्कर दर वेळी सिगकिलनेच मरत असेल, तर कंटेनर शेल स्क्रिप्टने सुरू होतो का ते बघा. शेल पहिली प्रोसेस असतं आणि सिगटर्म आतल्या पायथनपर्यंत पोचवत नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक' घातलं की काम होतं.

## चिठ्ठीवर काय लिहायचं?

कमीत कमी. खाते क्रमांक लिहा, खात्याची अख्खी माहिती नको. वर्कर उचलेल तेव्हा ताजी माहिती टेबलातून घेईल. मात्र जे त्या क्षणाचंच हवं, म्हणजे पावतीवरची रक्कम, ते लिहाच. पिकल (पायथनचा स्वतःचा डेटा साठवण्याचा प्रकार) नको, साधा जेसन पुरतो. डिप्लॉयनंतरही जुन्या कोडने लिहिलेल्या चिठ्ठ्या रांगेत असतात, म्हणून आवृत्तीचा क्रमांक घाला आणि नव्या वर्करला जुनी चिठ्ठी वाचता आली पाहिजे.

## जॉब आले त्याच क्रमाने होतील का?

एकापेक्षा जास्त वर्कर असतील तर नाही. एका खात्याचे जॉब क्रमानेच हवे असतील तर त्या खात्याचा एक जॉब चालू असताना दुसरा उचलू नका.

## सेलरी वगैरे तयार लायब्ररी का वापरू नये?

वापरा की. सेलरी जुनी आणि भक्कम आहे, पण तिचे टास्क मुळात सिंक आहेत. असिंक फंक्शन थेट टास्क म्हणून देता येत नाही. तुमचा सगळा कोड असिंक असेल तर पोस्टग्रेससाठी प्रोक्रास्टिनेट, रेडिससाठी एआरक्यू किंवा टास्कआयक्यू बघा. एवढंच करा: ती लायब्ररी पोच केव्हा देते ते आधी शोधा. सेलरी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये पोच कामाच्या आधी देते. ती कामानंतर हवी असेल तर तसं सांगावं लागतं.

## लक्ष कशावर ठेवू?

रांगेतल्या सगळ्यात जुन्या जॉबच्या वयावर. रांगेत पाच हजार जॉब असणं एक तारखेला साहजिक आहे. पण एक साधा पावतीचा जॉब चाळीस मिनिटं पडून असेल तर काहीतरी नक्की बिघडलं आहे, रांगेत तो एकटाच असला तरी. हे वय प्रत्येक प्रकारच्या जॉबचं वेगळं मोजा.

## वर्करची चाचणी कशी घ्यायची?

मारून. जॉब उचलल्यावर, बाहेरचा कॉल करण्याआधी, कॉलनंतर पण पोच देण्याआधी, आणि पोच दिल्यावर, अशा चार जागी मी चाचणीत थांबे ठेवले आहेत. प्रत्येक थांब्यावर वर्करला किल -९ (म्हणजे सिगकिल) द्यायचा, नवा वर्कर उठवायचा, आणि खोट्या गेटवेकडे किती मेसेज पोचले ते मोजायचं. थकबाकीच्या जॉबला चारही वेळा आकडा एक किंवा शून्य यायला हवा, आणि शून्य असेल तेव्हा तो जॉब माणसाच्या यादीत दिसायला हवा. दोन आला तर तो बदल मुख्य कोडमध्ये मर्ज होत नाही.